बुडत्या जहाजांच्या चित्रफिती आणि भोर-वेल्ह्याची मौखिक साक्ष

१. प्रश्नाचे स्वरूप

गेल्या शतकातील दोन महायुद्धांत लहानमोठ्या असंख्य युद्धनौका समुद्रतळाशी गेल्या. परंतु खुल्या समुद्रात मोठी युद्धनौका बुडत असताना तिचे चलच्चित्र घेतले गेले, असे प्रसंग प्रामुख्याने दोनच प्रसिद्ध आहेत. पहिला प्रसंग ऑस्ट्रो-हंगेरियन आरमाराच्या ‘सेंट इश्तवान’ या नौकेचा (१९१८) व दुसरा ब्रिटिश आरमाराच्या ‘बारम’ या नौकेचा (१९४१). महाराष्ट्रापुरता विचार केल्यास या प्रसंगांच्या पंक्तीस बसणारी एकच घटना आढळते. ती म्हणजे १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेला ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट. ‘फोर्ट स्टिकिन’ ही युद्धनौका नव्हती, ते युद्धसामग्री वाहून नेणारे मालवाहू जहाज होते. तथापि युद्धकाळी घडलेला नौकानाश, त्याची घेतली गेलेली चित्रफीत आणि त्या चित्रफितीवर सरकारने टाकलेला पडदा, या तिन्ही गोष्टी येथेही आढळतात.

या घटनेचा भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांशी काय संबंध, असा प्रश्न प्रथमदर्शनी उपस्थित होणे साहजिक आहे. त्याचे उत्तर मुंबईच्या श्रमिकांच्या इतिहासात आहे. गोदीतील व गोदीलगतच्या बाजारपेठेतील ओझी ज्यांनी वाहिली त्यांत पुणे व सातारा जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावरील लोकांचा भरणा मोठा होता. जहाज फुटलेले जगाने पुष्कळ उशिरा वार्तापटातून पाहिले. परंतु ज्या गावांची माणसे त्या परिसरात राबत होती त्या गावांना ही वार्ता चित्राने नव्हे, तर माणसांच्या तोंडून कळावयाची होती. चित्रफितीची साक्ष व तोंडची साक्ष यांचे परस्परांशी नाते काय, आणि इतिहासलेखनात त्या दोहोंना कोणते स्थान द्यावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. ‘सेंट इश्तवान’ आणि ‘बारम’

प्रथम समुद्रावरील दोन प्रसंग पाहू. ‘सेंट इश्तवान’ ही युद्धनौका १० जून १९१८ रोजी पहाटे एड्रियाटिक समुद्रात प्रेमुदा बेटाजवळ इटालियन आरमाराच्या एका छोट्याशा जलद नौकेने सोडलेल्या पाणतीरांनी जायबंदी झाली. त्या नौकेचा अधिकारी लुइजी रिझ्झो हा होता. ‘सेंट इश्तवान’ला बुडावयास काही तास लागले. त्यामुळे सोबतच्या ‘टेगेटहॉफ’ नौकेवरून तिची चित्रे घेण्यास अवसर मिळाला, आणि बहुसंख्य खलाशी वाचले. मृतांची संख्या ८९ होती.

‘बारम’ची कथा याहून वेगळी आहे. १९१४ साली जलावतरण झालेली, पंधरा इंची आठ तोफा वाहणारी ही नौका पहिल्या महायुद्धात जटलंडच्या लढाईत होती. दुसऱ्या महायुद्धात ती भूमध्य समुद्रातील आरमारात असता २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दुपारी इजिप्तच्या किनाऱ्याच्या उत्तरेस ‘यू ३३१’ या जर्मन पाणबुडीने तिजवर पाणतीर सोडले. पाणबुडीचा कप्तान हान्स-डीट्रिख फॉन टीझेनहाउझेन हा होता. चारांपैकी तीन पाणतीर लागले. नौका डाव्या अंगावर कलंडली आणि सुमारे चार मिनिटांतच तिच्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट होऊन ती नाहीशी झाली. साडेआठशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

शेजारच्या ‘व्हॅलियंट’ या नौकेवर जॉन टर्नर नावाचा वार्तापटाचा छायालेखक होता. त्याने घेतलेल्या फितीत कललेली नौका, तिच्या उघड्या पडलेल्या कुशीवर धावणाऱ्या माणसांच्या आकृती आणि पाठोपाठ उसळलेला धुराचा प्रचंड लोट, एवढे सर्व दिसते. पुढे आरमारी चौकशीत असा निष्कर्ष काढण्यात आला की, चार इंची तोफांच्या दारूगोळ्याच्या कोठारात प्रथम आग लागली असावी व ती मुख्य कोठारापर्यंत पोहोचून महास्फोट झाला असावा. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. फितीत स्फोट दिसतो. त्याचे कारण दिसत नाही. कारण तर्कानेच ठरवावे लागले.

ही फीत लोकांपुढे तत्काळ आली नाही. एवढेच नव्हे, तर नौका बुडाल्याची वार्ताही ब्रिटिश आरमारखात्याने दडवून ठेवली. आपल्या पाणतीरांचा परिणाम काय झाला हे पाणबुडीच्या कप्तानास निश्चित ठाऊक नव्हते, आणि शत्रूचे हे अज्ञान टिकवणे ब्रिटनच्या हिताचे होते. मृतांच्या कुटुंबीयांना कळवण्यात आले, पण वाच्यता करू नये अशी सूचना देऊन. अधिकृत घोषणा झाली ती २७ जानेवारी १९४२ रोजी, म्हणजे दोन महिन्यांनी.

या दोन महिन्यांच्या अवधीत एक विलक्षण प्रकार घडला. पोर्ट्‌समथ येथे हेलन डंकन नावाच्या एका बाईने मृतात्म्यांशी संवाद साधण्याच्या बैठकीत ‘बारम’वरील एका मृत खलाशाचा आत्मा प्रकट झाल्याचे सांगितले. वस्तुतः यात गूढ असे काही मानण्याचे कारण नाही. शेकडो घरांना कळलेली गोष्ट आरमारी बंदराच्या गावात कुजबुजीच्या रूपाने फिरत असणारच. पुढे १९४४ च्या प्रारंभी या बाईस अटक झाली आणि १७३५ च्या चेटूकविषयक कायद्यान्वये एप्रिल १९४४ च्या पहिल्या आठवड्यात तिला दोषी ठरवण्यात आले. तात्पर्य एवढेच की, जेथे अधिकृत शब्द थांबतो तेथे लोकांचा शब्द सुरू होतो. तो अनेकदा आडवळणाने येतो, पण त्याच्या मुळाशी कोणाचे तरी खरे दुःख असते.

३. मुंबई गोदी, १४ एप्रिल १९४४

लंडनच्या न्यायालयातील त्या निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत मुंबईत जो प्रसंग ओढवला, त्याची पूर्वपीठिका अशी. ‘फोर्ट स्टिकिन’ हे ७,१४२ टनी जहाज १९४२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रिन्स रूपर्ट येथे बांधले गेले होते. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडमधील बर्कनहेड बंदरातून निघाले व जिब्राल्टर, पोर्ट सय्यद व कराची या मार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईस पोहोचले. जहाजावर १,३९५ टन स्फोटक माल होता आणि त्यातील २३८ टन अतिशय संवेदनशील जातीचा होता. त्याखेरीज लढाऊ विमाने आणि सोन्याच्या विटांच्या पेट्या होत्या. कराचीस त्यात कापसाच्या गाठी व वंगणतेलाची पिंपे यांची भर पडली. जळणारा आणि फुटणारा असा दोन्ही प्रकारचा माल एकाच जहाजात एकावर एक रचला गेला होता. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ याने त्याविरुद्ध नापसंती नोंदवली होती. परंतु युद्धकाळी जहाजांची टंचाई एवढी होती की, तिचा उपयोग झाला नाही.

शुक्रवारी, १४ एप्रिल रोजी दुपारी दोनच्या सुमारास जहाजाच्या दुसऱ्या कोठारातून धूर निघताना दिसला. बंबवाले आले. नऊशे टनांहून अधिक पाणी जहाजात ओतले गेले. तरीही आग सापडेना. धुरामुळे आगीचे ठिकाण दिसत नव्हते आणि जहाजातील पाणी उकळू लागले होते. दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला व जहाजाची दोन शकले झाली. बारा किलोमीटरांपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहूनही भीषण स्फोट झाला. दूरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर या हादऱ्याची नोंद झाली.

गोदीत उभी असलेली दुसरी अनेक जहाजे बुडाली अथवा जळाली. त्यांत हिंदी आरमाराच्या सेवेत असलेले ‘एल हिंद’ होते. ‘जलपद्म’ नावाचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावर फेकले गेले. पेटलेल्या कापसाच्या गाठी व तापलेले लोखंड गोदीबाहेरच्या दाट वस्तीवर पडून मांडवी व मशीद बंदरच्या बाजूस आगी लागल्या. धान्याची कोठारे जळाली. रेशनिंग सुरू होऊन वर्षही न लोटलेल्या शहरास हा आघात लहान नव्हता. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामावर असताना मरण पावले. आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले. आग आटोक्यात येण्यास तीन दिवस लागले. आणि सुमारे आठ हजार माणसांनी सात महिने खपून पाच लाख टन ढिगारा उपसला तेव्हा गोदी पूर्ववत सुरू झाली.

चौकशीत आगीचा उगम बहुधा कापसाच्या गाठींत असावा असे मत नोंदवले गेले. धोकादायक माल दर्शवणारे तांबडे निशाण जहाजावर लावलेले नव्हते, स्फोटक माल उतरवण्यास विलंब झाला, अग्निशामक दलास वर्दी देण्यातही विलंब झाला, अशा त्रुटी पुढे आल्या. हा शत्रूचा हल्ला नव्हता. हा ढिलाईचा परिणाम होता.

४. चित्रफीत आणि वृत्तनियंत्रण

हा स्फोट व त्यानंतरची स्थिती सुधीश घटक या भारतीय छायालेखकाने टिपली. नंतर बंगाली चित्रपटदिग्दर्शक म्हणून प्रसिद्धीस आलेले ऋत्विक घटक यांचे ते बंधू. लष्करी अधिकाऱ्यांनी ही फीत ताब्यात घेतली. तिच्यातील काही भाग पुढे वार्तापट म्हणून लोकांस दाखवण्यात आला; संपूर्ण फीत मात्र दाखवली गेली नाही.

या प्रकारास त्या काळच्या शासकीय धोरणाची पार्श्वभूमी आहे. १९४३ साली सरकारने ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ व ‘इंडियन न्यूज परेड’ या संस्था उभारल्या आणि संरक्षण नियमांचा आधार घेऊन प्रत्येक चित्रपटगृहास सरकारमान्य फिती दाखवणे सक्तीचे केले. म्हणजे त्या काळी चित्र हे एकाच वेळी सक्तीने दाखवावयाचेही साधन होते आणि सक्तीने दडवावयाचेही. युद्धाचा उत्साह वाढवणारे चित्र प्रेक्षकांच्या माथी मारले जाई. मुंबईच्या ऐन मध्यावर घडलेल्या संहाराचे चित्र मात्र कपाटात बंद होई.

शब्दाची गतही चित्रासारखीच झाली. स्फोटाचा तपशील परदेशांस प्रथम कळवला तो जपानी ताब्यातील सायगाव नभोवाणीने, दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिल रोजी. येथील बातमीदारांना मात्र सविस्तर वृत्त धाडण्याची मुभा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मिळाली नाही. अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकात ही हकीकत २२ मे च्या अंकात आली, तेव्हाही ती बाहेरच्या जगास नवीनच होती. त्या एप्रिलमध्ये इंफाळ व कोहिमा येथे जपानी सेना भिडली होती. त्यामुळे मुंबईत कानठळ्या बसवणारा आवाज झाला तेव्हा जपान्यांनीच बॉम्ब टाकले, असा समज पसरावा यात नवल नाही. जो मजकूर सरकारने द्यावयास हवा होता तो सरकारने दिला नाही; म्हणून लोकांनी आपल्या भीतीतून तो तयार केला.

‘बारम’ व ‘फोर्ट स्टिकिन’ यांतील भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. ‘बारम’ खुल्या समुद्रात बुडाली. तिचा नाश शत्रूपासून लपवणे शक्य होते व त्यात युद्धदृष्ट्या काही अर्थही होता. मुंबईच्या स्फोटाला लाखो लोक साक्षी होते. तेथे नियंत्रणाने घटना लपली नाही; लपली ती तिची कारणे, तिची व्याप्ती आणि तिच्यात मेलेल्यांची मोजदाद.

५. घाटमाथ्याची माणसे

मृतांच्या मोजदादीचा हा प्रश्नच आपणास भोर व वेल्हे या तालुक्यांकडे घेऊन जातो. अधिकृत आकड्यांप्रमाणे गोदीच्या निरनिराळ्या सेवांतील २३१ माणसे व त्यांखेरीज पाचशेहून अधिक नागरिक मरण पावले. परंतु अन्य अंदाज तेराशेपर्यंत जातात. ही तफावत केवळ हिशेबाच्या चुकीची नाही. अग्निशामक दलाच्या प्रत्येक जवानाचे नाव हजेरीपटावर होते. गोदीतील हमालाचे नाव तसे नव्हते. धक्क्यावरील मजूर पुरवण्याचे काम टोळीवाल्यांकडे असे. टोळीवाला माणसे गोळा करी, मजुरी वाटी आणि आपला वाटा काढून घेई. आज कामावर कोण आले हे टोळीवाल्यास ठाऊक. बंदराच्या दफ्तरास ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गोदी कामगारांच्या नेमणुकीचे नियमन करणारा कायदा झाला तो १९४८ साली. गोदीबाहेरच्या बाजारांतील माथाडी कामगारांना कायद्याचे संरक्षण मिळावयास १९६९ साल उजाडले. म्हणून १९४४ साली त्या परिसरात जो अनोळखी हमाल मेला, तो नोंदीतून निसटण्याचा संभव मोठा होता.

असा हमाल कोठून आलेला असे? मुंबईच्या बोलीत रूढ झालेला ‘घाटी’ हा शब्द याचे उत्तर देतो. घाट चढून पलीकडच्या मुलखातून आलेला तो घाटी. पुढे या शब्दास हेटाळणीची छटा चिकटली, परंतु त्याचा मूळ अर्थ निव्वळ भौगोलिक आहे. भोर व वेल्हे हे या घाटमाथ्याचेच भाग होत. येथे पाऊस मुबलक, पण जमीन थोडी व उताराची. खाचरात भात व डोंगरउतारावर नाचणी, वरई ही मुख्य पिके. सुगी संपली की घरातील एखाद्या तरुणाने मुंबईची वाट धरावयाची, हा परिपाठ पडून गेला होता. १९२७ साली पुरे झालेल्या भाटघरच्या मोठ्या धरणाने नदीकाठची सुपीक जमीन पाण्याखाली नेली, त्यामुळे त्या खोऱ्यातील शेतीचा आधार आणखी आखडला. रेल्वे या मुलखात नव्हती. पुण्यास येऊन आगगाडी धरावी लागे. मुंबईत गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत पथारी टाकावी, खानावळीत जेवावे, आणि ज्या मुकादमाच्या ओळखीने काम मिळाले त्याच्या टोळीत राहावे, असा हा जीवनक्रम होता.

राजकीय दृष्ट्याही या मुलखाची स्थिती निराळी होती. १९४४ साली भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे त्याचे पाच तालुके होते. प्रचंडगड म्हणजेच तोरणा. आजच्या वेल्हे तालुक्यातील बराच मुलूख राजगड व प्रचंडगड या तालुक्यांत मोडत असे. वेल्हे तालुक्यास अलीकडे राजगड हे नाव देण्यात आल्याने एका अर्थी संस्थानी काळातील नावच परत आले आहे. संस्थानाचे विलीनीकरण मार्च १९४८ मध्ये झाले. म्हणजे १९४४ साली मुंबईत राबणारा भोरकडचा माणूस कायद्याने संस्थानी प्रजाजन होता आणि पोटाने मुंबईकर. त्याच्या मृत्यूची नोंद करण्याचे उत्तरदायित्व नेमके कोणावर, हा प्रश्न उपस्थित होण्यासारखा आहे. संशोधकाने ब्रिटिश इलाख्याचे दफ्तर चाळून भागणार नाही. संस्थानी कागद, गावचे मृत्युनोंदवही-पुस्तक आणि त्याहूनही अधिक गावातील माणसांची आठवण, या तिन्हींकडे त्यास वळावे लागेल.

६. ‘म्हणे’ : ऐकीव साक्षीचे व्याकरण

आठवणींना इतिहासात स्थान द्यावयाचे तर त्यांची पारख कशी करावयाची, हा पुढील प्रश्न. साक्षी या शब्दाची व्युत्पत्तीच पाहण्याशी निगडित आहे; जो साक्षात् पाहतो तो साक्षी, असेच पाणिनीनेही मानले आहे. या अर्थाने कॅमेरा हा आदर्श साक्षी ठरेल, आणि कान व डोळा यांत चार बोटांचे अंतर असते या आपल्या म्हणीनुसार गावातील ऐकीव गोष्ट दुय्यम ठरेल. परंतु हा निवाडा घाईचा होईल.

बोलत्या मराठीत पाहिलेले व ऐकलेले यांचा भेद दाखवण्याची सोय व्याकरणातच आहे. ‘जहाज फुटले’ असे म्हणणारा त्या विधानाची जबाबदारी स्वतःवर घेतो. ‘जहाज फुटले म्हणे’ असे म्हणणारा ती दुसऱ्यावर सोपवतो. ‘जहाज फुटले असावे’ असे म्हणणारा ती तर्कावर ठेवतो. यांतील ‘म्हणे’ हे मुळात ‘म्हणणे’ या धातूचे जुने वर्तमानकाळी रूप होय. संतांच्या अभंगांतील नाममुद्रेत ते कर्त्यासह पूर्ण क्रियापद म्हणून येते. आजच्या बोलीत मात्र त्याचा कर्ता गळून गेला आहे, लिंगवचनानुसार ते बदलत नाही, आणि वाक्याच्या शेवटी येऊन ते एवढेच सांगते की, हे मी पाहिलेले नाही, माझ्या कानावर आले आहे. कोण म्हणाले हे ते सांगत नाही. कोणीतरी म्हणाले एवढे मात्र प्रामाणिकपणे सांगते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘म्हणे’ लागले म्हणजे गोष्ट खोटी, असे नव्हे. गोदीच्या स्फोटासंबंधीच्या दोन वदंतांवरून हे स्पष्ट होईल. जपान्यांनी बॉम्ब टाकले, ही एक वदंता. ती चुकीची ठरली. आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या, ही दुसरी; ऐकणाऱ्यास ही पहिलीपेक्षाही अविश्वसनीय वाटावी. परंतु ‘फोर्ट स्टिकिन’वर सोने होते हे कागदोपत्री सिद्ध आहे, सुमारे मैलभर अंतरावरील एका घराचे छप्पर फोडून वीट आत पडली हेही नमूद आहे, आणि पुढे कित्येक वर्षे गोदीतील गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या. दोन्ही गोष्टी ऐकीवच होत्या. एक खोटी निघाली, एक खरी. ‘म्हणे’ हा शब्द गोष्ट खरी की खोटी हे सांगत नाही. ती कोणत्या वाटेने आली हे सांगतो. खरेखोटे ठरवण्याचे काम तो संशोधकावर सोपवतो, आणि तेच योग्य आहे.

चित्रफितीपाशी असे ‘म्हणे’ नाही. तिच्यातील प्रत्येक दृश्य एकाच ठामपणे समोर येते. कोठे कात्री लागली, काय वगळले, याची खूण चित्रात उमटत नाही. ‘बारम’च्या स्फोटाची फीत पुढे अनेक ठिकाणी उसनी वापरली गेली, १९५६ सालच्या एका अमेरिकन कल्पनारम्य चित्रपटात तर ती सर्वस्वी वेगळ्याच नौकेचा नाश म्हणून दाखवण्यात आली. प्रेक्षकास तो भेद कळण्याचा मार्ग नव्हता. चित्राखालची ओळ बदलली की चित्राचा अर्थ बदलतो, चित्र मात्र तक्रार करीत नाही. सारांश, चित्रफीत ही खोटी साक्ष नव्हे. पण ती मुकी साक्ष आहे. तिला वाचा द्यावयास नाव, स्थळ, काळ सांगणारा शब्द लागतो.

७. समारोप

यावरून कार्याची एक दिशा स्पष्ट होते. स्फोटास ऐंशी वर्षे उलटून गेली आहेत. त्या दिवशी पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज हयात असल्यास पंचाण्णवी ओलांडलेला असणार. म्हणून भोर-वेल्ह्यातील घरांत आता जे सांगितले जाईल ते बहुतांशी दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचे असेल, म्हणजेच ‘म्हणे’च्या स्वरूपाचे असेल. त्यात आणखी एक अडचण आहे. भाटघरनंतर पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर व गुंजवणी या धरणांमुळे या दोन तालुक्यांतील कित्येक गावे हलली व माणसे पांगली. गाव मोडले की गावाची आठवण एका ठिकाणी राहत नाही. तेव्हा अशा आठवणी गोळा करावयाच्या त्या मूळ गावांबरोबरच पुनर्वसित वस्त्यांत आणि मुंबईत स्थिरावलेल्या घरांतही गोळा कराव्या लागतील.

हे काम करताना दोन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले असे की, सांगणाऱ्याचे वाक्य जसेच्या तसे उतरून घ्यावे. लेखनिक पुष्कळदा प्रमाणभाषेच्या आग्रहापोटी ‘म्हणे’, ‘असंल’, ‘की काय’ ही पदे फालतू समजून गाळतो. वाक्य त्यामुळे नीटनेटके होते, परंतु पुराव्याची प्रत नाहीशी होते. ऐकीव गोष्ट पाहिलेली होऊन बसते. कात्री लावलेल्या फितीत जे घडले तेच मग कागदावरही घडेल. दुसरे पथ्य असे की, प्रश्न स्फोटाविषयी न विचारता माणसाविषयी विचारावा. ‘स्फोट कसा झाला’ याची उत्तरे आता पुस्तकांतून आणि दूरदर्शनवरून परत गावात आलेली असणार. ‘त्या साली मुंबईस गेलेला तुमच्या भावकीतील कोण परत आला नाही’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही वार्तापटात नाही.

‘बारम’वर मेलेल्यांची नावे आरमाराच्या यादीत आहेत. गोदीत मेलेल्या ६६ जवानांच्या स्मृतीस दरवर्षी मानवंदना दिली जाते. ज्यांचे नाव टोळीवाल्याच्या वहीपलीकडे गेले नाही त्यांची यादी मात्र अद्याप कोणी केलेली नाही. ती करावयाची झाल्यास फितीतील धुराकडे कितीही वेळ पाहून ती होणार नाही. तिचा आरंभ एखाद्या ओसरीवर बसून ऐकलेल्या, ‘आमचा चुलता गोदीत गेला म्हणे’ अशासारख्या वाक्यापासूनच करावा लागेल. आणि ते वाक्य सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.